गुडघ्याची गोळी, तापाची गोळी, सर्दीची गोळी

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

‘माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, वजन जेमतेम ४६ किलो. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली. दिवाळीपासून गुडघे धरले, तेव्हापासून शेजारच्या काकूंनी सांगितलेली गोळी सकाळ-संध्याकाळ घेतात. हे दवा बाजारातून अख्खा डबाच आणून ठेवतात, स्वस्त पडतो म्हणून. मागच्या आठवड्यात ताप-सर्दी झाली, तेव्हा ६५०ची तापाची गोळी दिवसातून तीनदा आणि सर्दीची गोळी दोनदा घेतली. गुडघ्याची चालू होतीच. हल्ली पायांवर सूज दिसते, बीपीही १६०च्या वर येतं. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणतात, गेलं की ऑपरेशनच सांगतात. ह्यांचं म्हणणं, जी गोळी बिनचिठ्ठीची मिळते तिनं काय होतंय? सासऱ्यांना हृदयाचा त्रास आहे, ७५ची अ‍ॅस्पिरिन चालू आहे. कंबर धरली की तेही त्याच डब्यातली एक घेतात. कोणती गोळी सुरक्षित, दिवसाला किती घ्यावी, उपाशीपोटी चालते का? सगळ्या स्ट्रिपांवरची नावं पाहून सोबत लिहिली आहेत. आणि जाता जाता, मलाही डोकेदुखीची गोळी महिन्यातून पंधरा-वीसदा लागतेच.’

ताई, बाकी सगळं नंतर. पायांवरची सूज आणि चढलेलं बीपी या दोन गोष्टी तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला आधी त्यांच्याबद्दलच बोलायचं आहे. आईंची गुडघ्याची गोळी आजपासून बंद करा. एक वेळची देऊन पाहू, अर्धी देऊ, असं नको. बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं थांबवू नका. आणि उद्याच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. तिथे गेल्यावर गुडघ्याच्या गोळीतल्या औषधाचं नाव घेऊन पहिलं वाक्य हे सांगा: ‘दिवाळीपासून रोज दोन वेळा असेक्लोफेनॅक चालू होतं.’ डॉक्टर विचारतात, काय काय औषधं चालू आहेत, आणि घरचे लोक सांगतात, बीपीची गोळी. मेडिकलमधून आणलेली गोळी कुणाच्या जिभेवर येतच नाही, कारण ती कुणाला औषध वाटत नाही. डॉक्टर बहुधा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते यावरून कळतं), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासायला सांगतील. नाही सांगितलं तर तुम्हीच विचारा, किडनीची तपासणी करून घेऊ का म्हणून.

लघवी कमी झाली, चेहरा सुजला, धाप लागली, शौचाला डांबरासारखी काळी व्हायला लागली, किंवा उलटीत रक्त पडलं, तर उद्याची वाट पाहू नका. रात्र असली तरी एम. वाय. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नाहीतर घराजवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

मी इतक्या घाईनं का सांगते आहे, ते समजावून सांगते. ते समजलं की तुमच्या ह्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यात मिळेल.

तुम्ही लिहून पाठवलंय, गुडघ्याच्या गोळीत असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन, अ‍ॅस्पिरिन ही सगळी एका कुळातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती ठणका आणि सूज वाढवतात, आणि या गोळ्या ती द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत. अ‍ॅस्पिरिन असं काम करते हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७१ साली दाखवलं, पुढे १९८२च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. अडचण अशी की तीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीकडे रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवतात. गोळीला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही. ती सगळीकडे सारखंच काम करते.

तरुण, धडधाकट माणसाची किडनी हे दोन-चार दिवस सहज सोसते. आईंचं वेगळं आहे. असेक्लोफेनॅक किडनीत रक्त आणणारी नळी आवळतं. टेल्मिसार्टन किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतं. ते चांगलंच औषध आहे, ते त्याचं कामच आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे अंगातलं पाणी आणि मीठ कमी करतं. येणारं रक्त कमी, जाणारं सोपं, एकूण पाणीच कमी. मग गाळण्यासाठी जो दाब लागतो तो उरणार कुठून? ही तीन औषधं एकत्र आली की किडनी बिघडण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्रात चांगलं ठाऊक असलेलं त्रिकूट आहे. त्यात ताप आला, जेवण तुटलं, पाणी पोटात गेलं नाही. शिवाय ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपीच्या औषधाचा जोर कमी करते. बीपी १६०च्या वर का जातंय, याचं उत्तर कदाचित त्या डब्यातच आहे. कदाचित म्हणते, कारण पायांवर सूज हृदयामुळे, शिरांमुळे, इतर कारणांनीही येते. म्हणूनच डॉक्टरांनी पाहायला हवं. डॉक्टरांना न विचारता बीपीची गोळी वाढवून मात्र बसू नका. गुडघ्याची बंद झाल्यावर बीपी आपोआप उतरलं, तर वाढवलेली गोळी जड जाईल.

या कुळातलं डायक्लोफेनॅक गुरांना टोचत असत. अशी गुरं मेली की गिधाडं ती खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. आपल्याकडची गिधाडं काही वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा २००६ साली भारतात गुरांसाठी ते औषध बनवण्यावर बंदी आली. गिधाडाचं शरीर आणि माणसाचं शरीर एक नव्हे, त्याला सोसत नाही ते आपल्याला त्याच मापानं बाधत नाही. पण ‘साधी गोळी’ असं कुणी म्हणालं की मला ते आठवतं.

आता तुमच्या ह्यांच्या बोलण्याकडे येते. त्यांना ती स्ट्रिप हातात घेऊन नीट पाहायला सांगा. डाव्या बाजूला उभी लाल रेघ बहुधा दिसेल. ती रेघ म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. आपल्याकडे ते सर्रास मिळतं, गर्दीच्या वेळी ‘भैया, वो घुटने वाली देना’ म्हटलं की दोन गोळ्या कापून हातात येतात, हे खरं आहे. मिळतं म्हणून ते बिनचिठ्ठीचं होत नाही. मी फार्मासिस्ट आहे, काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून हे लिहिते आहे, आणि यात आमच्या धंद्याचा दोष आहे, गिऱ्हाइकाचा कमी.

कापलेल्या स्ट्रिपचं आणखी एक. नाव आणि मुदतीची तारीख स्ट्रिपच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानातच राहतं आणि घरी येतात दोन मुक्या गोळ्या. कात्री लावताना नावाचा भाग आपल्याकडे येईल असा मागा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून घ्या. पुढच्या बाजूचं ठळक नाव कंपनीनं ठेवलेलं असतं. आपल्याला पाहायचं ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत असतं, आणि तुम्ही नेमकं तेच पाठवलंत म्हणून मला पुढचा हिशेब मांडता येतो आहे.

आईंच्या तापाच्या दिवसांतलं पॅरासिटामॉल मोजू. गुडघ्याच्या गोळीतून ३२५ दोनदा, म्हणजे ६५०. तापाची ६५०ची तीनदा, म्हणजे १९५०. सर्दीच्या गोळीत, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, पॅरासिटामॉल ५००, दोनदा म्हणजे १०००. बेरीज ३६०० मिलिग्रॅम. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग, तीन वेगळी दुखणी, आणि आत एकच औषध. धडधाकट मोठ्या माणसासाठी चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम धरतात. पण ४६ किलोच्या, वयस्क, तापात धड न जेवलेल्या बाईंना ते माप लावायचं नसतं. अशांना तीन हजारांच्या बरंच आत, पुष्कळदा दोन हजारांच्या आसपासच ठेवतात. आईंनी ते चारच दिवस घेतलं असेल, निभावलंही असेल. तरी डॉक्टरांना सांगा, आणि यकृताची तपासणी लागेल का ते त्यांना ठरवू द्या.

पॅरासिटामॉलला मी वाईट म्हणत नाही. किडनीला, जठराला ते त्या दुसऱ्या कुळापेक्षा पुष्कळ सौम्य आहे, आणि आईंच्या वयाला दुखण्यासाठी तोंडानं काही घ्यायचंच झालं तर पहिलं नाव त्याचंच येईल. त्याचा घात यकृतावर होतो, आणि तो गुपचूप होतो. जास्त डोस पोटात गेला तर पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ ठीक दिसतो, थोडी मळमळ, बस. यकृत बिघडल्याच्या खुणा एक-दोन दिवसांनी येतात. त्यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर फार चांगलं काम करतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या गेल्याचं लक्षात आलं, तर माणूस हसतोय-बोलतोय हे पाहून घरी थांबायचं नाही. रिकामी स्ट्रिप हातात घेऊन निघायचं. रोज दारू घेणाऱ्यांना आणि कावीळ किंवा यकृताचा आजार असलेल्यांना ही मर्यादा आणखी खाली येते, त्यांनी विचारल्याशिवाय घेऊच नये.

सर्दीच्या गोळीबद्दल दोन शब्द. तिच्यात फिनाइलएफ्रिन आहे, ते नाक मोकळं करण्यासाठी रक्तवाहिन्या आवळतं, बीपीच्या माणसाला ते नको. दुसरं क्लोरफेनिरामिन, त्यानं झापड येते. रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन ६८व्या वर्षी खुब्याचं हाड मोडणं, हे सर्दीपेक्षा फार मोठं दुखणं आहे. आईंना सर्दीला वाफ, गरम पाणी आणि ताप असला तर नुसती पॅरासिटामॉल पुरे.

तर मग घ्यायची कोणती आणि किती? डॉक्टरांनी आईंना तपासलं, यकृत ठीक निघालं, तर गुडघा जास्त दुखेल त्या दिवशी पॅरासिटामॉल ५००ची एक गोळी. दुसरी लागलीच तर मध्ये सहा तासांचं अंतर, दिवसाला तीनच्या वर नाही, आणि त्या दिवशी पॅरासिटामॉल असलेलं दुसरं काहीही नाही. घेतलेली गोळी कॅलेंडरवर वेळ टाकून लिहा. भिंतीवरच्या त्याच कालनिर्णयावर चालेल, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी. वयस्क माणूस ‘घेतली का नाही ते आठवत नाही’ म्हणून दुसरी घेतो, हे फार घडतं. आणि खरं सांगायचं तर झिजलेल्या गुडघ्याला पॅरासिटामॉलचा आराम थोडाच पडतो. न पडला तर गोळ्या वाढवायच्या नाहीत, उपाय बदलायचा.

उपाशीपोटीचं विचारलंत. पॅरासिटामॉल रिकाम्या पोटी चालते. अ‍ॅस्पिरिन-डायक्लोफेनॅकच्या कुळातली मात्र जेवणानंतर, निदान पोहे-दूध काहीतरी पोटात घालून, पेलाभर पाण्याबरोबर. तुमच्याकडे सकाळी नुसत्या चहावर ती गोळी जात असणार. पण जेवणानंतर घेतली म्हणजे अल्सर होत नाही, असं नाही. जेवणानं जळजळ कमी होते. जठराचं अस्तर दुबळं होतं ते रक्तातून पोचलेल्या औषधानं, पोटात पडलेल्या गोळीनं तेवढं नाही. सोबत गॅसची गोळी दिली की झालं, हाही असाच समज. पँटोप्राझोलसारखी गोळी जठराला खरोखर संरक्षण देते, डॉक्टर म्हणूनच ती जोडून देतात. किडनीला आणि बीपीला तिचा काही उपयोग नाही.

उपासाच्या दिवशीही हे लक्षात ठेवा. निर्जळा एकादशी, वैशाखातलं ऊन, जुलाब-उलट्या, म्हणजे अंगात पाणी कमी असेल असा कोणताही दिवस, त्या दिवशी असेक्लोफेनॅकच्या कुळातली गोळी कुणीच घेऊ नये, मग वय काहीही असो. आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू फिरत असतो तेव्हा नुसत्या तापाला अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घ्यायचीच नाही, रक्तस्राव वाढतो. घरात मूल असेल तर हा डबा उंचावर, कुलपात. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देणं कायमचं बंद. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे, आणि ताप आलेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

सासऱ्यांना तो डबा आजच बंद करा. त्यांची ७५ची अ‍ॅस्पिरिन हृदयासाठी आहे, ती चालूच राहू द्या. तिच्यासोबत याच कुळातली दुसरी गोळी घेतली की पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेनचं तर असं आहे की ती अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून बसते आणि हृदयाला मिळणारं संरक्षणच कमी होतं. शिवाय हृदयविकार असलेल्यांसाठी डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक मुळातच वर्ज्य. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१५ साली या कुळाबद्दलचा इशारा आणखी कडक केला, कारण हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका पहिल्या काही आठवड्यांतसुद्धा वाढू शकतो. बाबांची कंबर धरली तर शेक, चालतं-फिरतं राहणं, लागलीच तर पॅरासिटामॉल.

आता आईंची भीती. ‘गेलं की ऑपरेशनच सांगतात.’ त्यांना सांगा, गुडघा दुखतो म्हणून लगेच कुणी तो बदलत नाही. आधी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते गोळीपेक्षा टिकाऊ आहे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेला बसायचं, एक पाय हळूहळू सरळ करायचा, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, हळूच खाली. दहा वेळा एका पायानं, दहा वेळा दुसऱ्या, सकाळ-संध्याकाळ. पहिला आठवडा कंटाळवाणा जातो आणि थोडं दुखतंही. गुण यायला दीड-दोन महिने लागतात. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून बरोबर करून घ्या. काठी घेतली तर ती जास्त दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. देवपूजा पाटाऐवजी खुर्चीवर बसून, देवाला त्याचं काही वाटत नाही. घरात कमोड नसेल तर भारतीय बैठकीवर ठेवायची खुर्ची मिळते.

आणि लावायची जेल. डायक्लोफेनॅकची जेल गुडघ्यावर चोळली तर रक्तात त्याचा अगदी थोडा अंश जातो आणि गुडघ्याला आराम बऱ्यापैकी मिळतो. क्रिएटिनिनचा आकडा पाहून डॉक्टर हो म्हणाले की दिवसातून तीन-चारदा लावता येईल. लावल्यावर लगेच गरम पिशवी ठेवायची नाही, घट्ट गुंडाळायचं नाही, हात धुवायचे. मी असते तर इथूनच सुरुवात केली असती, गोळीपासून नाही.

शेवटी तुमचं डोकं. ते तुम्ही ‘जाता जाता’ लिहिलंत, तसं ते नाहीये. महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस साधी पेनकिलर, किंवा कॅफिनसारखं काही मिसळलेली गोळी दहा किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन-चार महिने चाललं की गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. डोकं दुखतं म्हणून गोळी, गोळी उतरली म्हणून डोकं. तुम्ही पाठवलेल्या नावात पॅरासिटामॉल आणि प्रोपिफेनाझोनसोबत कॅफिन आहे, म्हणून मला ही शंका जास्तच येते. सोडताना पहिले काही दिवस डोकं आणखी चढतं, पुष्कळजणी तिथेच हरतात. त्यामुळे एकटीनं करू नका. मागच्या महिन्यात कोणत्या तारखांना दुखलं, किती गोळ्या घेतल्या, पाळीच्या दिवसांशी मेळ आहे का, झोप किती झाली, हे आठवेल तेवढं लिहा आणि आईंना न्याल तेव्हा स्वतःचाही नंबर लावा. अर्धशिशी असेल तर ती येऊच नये म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधं असतात. चष्म्याचा नंबर आणि बीपीही तपासून घ्या.

औषधानं काही बाधलं असं वाटलं, पुरळ, सूज, काहीही, तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी फुकट नंबर आहे. तिथे कुणीही सामान्य माणूस तक्रार नोंदवू शकतो, त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. डब्यात उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना परत देऊ नका. त्यांच्या घरीही बीपीची गोळी चालू आहे का, तेवढं मात्र जाऊन विचारा.

आईंचे रिपोर्ट आले की क्रिएटिनिनचा आकडा कळवा.